साखळ्या पुढच्या चाकांना

"हे लोखंड कशाला पाहिजे आपल्याला?" असं म्हणत विश्वासरावांनी डिकीतून काळी पिशवी ओढून काढली आणि जमिनीवर टाकली. आतून जड, खुळखुळता आवाज आला.

"साखळ्या आहेत," मी म्हटलं. "चाकांना बांधायच्या. बर्फात."

"बर्फाचे टायर घातलेत की. काउंटरवरच्या पोरीनं सांगितलं ना, विंटर टायर आहेत म्हणून. मग टायरला वर साखळी कशाला? कुत्रं आहे का ते?"

शालिनीवहिनी हसल्या. मीही हसलो. कोणी माझ्यावर हसलं की त्यात आपणही सामील व्हावं, म्हणजे ते लवकर संपतं, हे मला शाळेपासून ठाऊक आहे.

आम्ही म्यूनिकमध्ये, रेवतीच्या इमारतीखालच्या पार्किंगमध्ये उभे होतो. डिसेंबर होता. रेवती माझी भाची, माझ्या थोरल्या बहिणीची एकुलती मुलगी. दुसऱ्या दिवशी तिचं लग्न होतं, ऑस्ट्रियातल्या डोंगरांत, तिच्या टोबियासच्या गावी. त्या गावाचं नाव मला अजूनही नीट उच्चारता येत नाही. कचेरीतलं लग्न आधीच झालं होतं. उद्याचं आपल्या पद्धतीचं होतं. कोल्हापूरच्या गुरुजींनी अकरा चाळीसचा मुहूर्त काढून दिला होता आणि म्यूनिकमधले कोणी जोशी नावाचे इंजिनिअर मंगलाष्टकं म्हणायला येणार होते. ताई, रेवती आणि टोबियास आदल्या दिवशीच पुढे गेले होते. मागून भाड्याच्या गाडीनं जायचं होतं आम्हा तिघांना: मी, ताईचे धाकटे दीर विश्वासराव सरनाईक आणि त्यांच्या पत्नी शालिनीवहिनी.

गाडी विश्वासराव चालवणार होते. कोल्हापुरात त्यांचं शेतीपंपांचं आणि ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान. आवाज मोठा, मन वाईट नाही, आणि स्वतःच्या ड्रायव्हिंगबद्दल त्यांच्या मनात शंका अशी कधी उगवलीच नव्हती. मला गाडी चालवता येत नाही. मी सावंतवाडीच्या वाचनालयात ग्रंथपाल होतो. हळू बोलायची नोकरी होती, ती मला मानवली.

"त्या पुस्तकात लिहिलंय," मी म्हटलं, "की ऑस्ट्रियात हिवाळ्यात, जिथे पाटी असेल तिथे, कायद्यानं..."

"कुठल्या पुस्तकात?"

"गाडीबरोबर दिलं ते. छोटं."

"ते तुम्ही वाचलंत?"

"हो."

"सगळं?"

छापील कागद समोर आला की मी वाचतो. वाण्याच्या पुडीचा कागदसुद्धा मी उलगडून वाचतो. सगळं पुस्तक दोनदा वाचलं होतं हे सांगण्यात काही अर्थ नव्हता.

"मामा, एक सांगा," विश्वासराव म्हणाले. "पाट न्यायचे का लोखंड न्यायचं?"

पाट मीच आणले होते. सावंतवाडीच्या लाखेच्या कामाचे, लाल-पिवळ्या वेलबुट्टीचे दोन पाट, वधूवरांसाठी. विमानात ते कसे आणले ते माझं मला माहीत. ते डिकीत सपाटच ठेवायला हवे होते, उभे ठेवले तर लाखेचे टवके उडाले असते. त्यांच्यावर वहिनींचं रुखवत: अनारशांचे डबे, लाडू, चिवडा, साखरेचं तुळशीवृंदावन, तांब्याची घागर. साखळ्यांची पिशवी डिकीबाहेर गेली. तिच्यामागून बंद गाडीच्या मागे उभ्या करायच्या लाल त्रिकोणाचा डबा गेला, आणि पिवळ्या चमकत्या जाकिटांची घडी.

"हे वर नेऊन ठेवतो," मी म्हटलं.

"ठेवा. परत देताना लागेल."

जेवताना विश्वासरावांनी दुसरा विषय काढला. आमटीचा भुरका मारून ते म्हणाले, "मामा, उद्याचं एक बोलून घेऊया. मुलीला बोहल्यावर आणायचं."

आमच्याकडे नवरीला मामा आणतो. नवरा पाटावर आधीच उभा असतो, मध्ये अंतरपाट धरलेला असतो, आणि मामा भाचीला आतल्या खोलीतून आणून अंतरपाटाच्या अलीकडे उभी करतो. मग मंगलाष्टकं संपेपर्यंत तो तिच्या मागे उभा राहतो. यात बोलावं लागत नाही. तरी महिनाभर मला त्याची धास्ती होती.

"आणायचं तर तुम्हीच. पण बघा," ते म्हणाले. "तिथं सगळी परकी माणसं. त्यांच्यात मुलीला बाप आणतो, हाताला धरून. आता दादा नाहीत. मग बापाच्या जागी काका बरा दिसतो. तुम्ही तिथंच बाजूला उभे राहा की. तुम्हालाही आवडत नाही ना असलं पुढं पुढं करायला?"

"अहो, ते मामाचं काम आहे," वहिनी म्हणाल्या.

"मी कुठं नाही म्हणतोय? त्यांची अडचण बघून बोलतोय."

मी "बरं" म्हणणारच होतो. शब्द ओठांवर आला होता. निरोपसमारंभात वाचनालयाच्या लोकांनी मला दोन शब्द बोला म्हणून उभं केलं, तेव्हा मी खरोखरच दोनच शब्द बोलून बसलो होतो. मी बाजूलाच शोभलो असतो. पण त्याच दुपारी रेवतीनं तिकडून फोन केला होता. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. ती एवढंच म्हणाली होती, "मामा, उद्या तू मला न्यायला येणार. तू आला नाहीस ना, तर मी खोलीतून बाहेरच येत नाही. मग बसा सगळे अंतरपाट धरून."

"बघू उद्या," मी विश्वासरावांना म्हटलं.

जेवण झाल्यावर ते दुकानाचा हिशेब घेऊन बसले आणि वहिनी वड्यांचा एक डबा पुन्हा भरू लागल्या. मी साखळ्यांची पिशवी माझ्या शालीत गुंडाळली आणि गाडीची किल्ली घेऊन खाली गेलो. ती बरीच जड होती. जिन्यात दोनदा टेकवावी लागली. पुढच्या सीटसमोर, माझ्या पायांच्या जागी, ती ठेवली. त्रिकोण सीटच्या खाली सरकवला. पिवळी जाकिटं दोन होती, ती कोटाच्या आत घेतली. मग मी वर येऊन झोपलो, म्हणजे पडून राहिलो. या वयात हा चोरटेपणा कशासाठी, असं सारखं वाटत होतं. विश्वासराव जगभर फिरलेले नसतील, पण गाडीबद्दल त्यांना माझ्यापेक्षा जास्तच कळणार. आणि बर्फ नसेलच तर? त्या पिशवीवरून कोल्हापुरात पुढची दहा वर्षं मला ऐकावं लागलं असतं.

सकाळी उजाडायच्या आत निघालो. मी पुढे बसलो, पाय पिशवीवर.

"बॅगेत काय धोंडे भरलेत?" विश्वासरावांनी विचारलं. "पाय टेकायला जागा नाही तुम्हाला."

"थोडी पुस्तकं आहेत."

"ऐकलंस का गं? मामा लग्नाला पुस्तकं घेऊन निघालेत. मंगलाष्टकं कमी पडली तर वाचतील."

"तुम्ही रस्त्याकडे बघा," वहिनी मागून म्हणाल्या. त्यांच्या मांडीवर डिकीत न मावलेला लाडवांचा डबा होता आणि दोन्ही बाजूंना आणखी डबे. "वळताना परत वायपर लावलात."

"उलटं दिलंय सगळं या लोकांनी."

हमरस्त्यावर सगळं ठीक होतं. बर्फ होता तो शेतांवर आणि छपरांवर. रस्ता काळा, ओला, स्वच्छ. विश्वासराव खुशीत आले. आंबोलीचा घाट धुक्यात कसा उतरला होता, ते त्यांनी सांगितलं. फोंड्याच्या घाटात ट्रकच्या मागून उलटी गाडी कशी घेतली होती, तेही सांगितलं. "घाट तो घाट, मामा. तिथला काय नि इथला काय." मी हो म्हणत होतो आणि पायांखालची पिशवी मला मूर्खपणाची वाटू लागली होती.

मग आम्ही मोठा रस्ता सोडून डोंगराकडे वळलो आणि बर्फ पडू लागला. आधी भुरभुर. नंतर असा की समोरच्या गाडीचे लाल दिवेच तेवढे दिसावेत. गावापर्यंत जायचे दोन रस्ते होते: एक दरीतून लांबचा वळसा घेऊन, दुसरा सरळ खिंडीवरून. टोबियासनं खिंडीचा सांगितला होता. खिंडीच्या पायथ्याशी गाड्यांची रांग लागलेली दिसली. रांगेच्या तोंडाशी आडवा दांडा होता, आणि शेजारी पाटी: निळ्या गोलात चाक, चाकाभोवती साखळी. पुस्तकातल्या चित्रासारखीच.

पोलीसबाई खिडकीशी आली. तरुण होती, पापण्यांवर बर्फ साचला होता. विश्वासरावांनी काच खाली केली आणि इंग्रजीत म्हणाले, "विंटर टायर्स. फोर विंटर टायर्स."

"चांगलं आहे," ती म्हणाली. "साखळ्या?"

"विंटर टायर्स," ते पुन्हा म्हणाले, जरा मोठ्यानं.

"साखळ्या चाकांवर चढवलेल्या असल्याशिवाय इथून पुढे जाता येत नाही. नसतील तर परत फिरा. खालच्या रस्त्यानं जा."

"त्याला किती वेळ लागेल?"

"आज? तीन तास. जास्तही."

मी घड्याळ बघितलं. बघायची गरज नव्हती. वहिनी मागून म्हणाल्या, "मुहूर्त?" विश्वासरावांचा हात गिअरच्या दांडीवर होता आणि तो नुसता तिथे होता. इतकी वर्षं त्यांना मी ओळखत होतो. त्यांना बोलायला काही सापडलं नाही असं मी कधी पाहिलं नव्हतं.

"आहेत," मी म्हटलं.

कोणी ऐकलं नाही. माझा आवाजच तसा आहे.

"साखळ्या आहेत," मी पोलीसबाईकडे वाकून, इंग्रजीत म्हटलं. "माझ्या पायाशी."

तिनं दिवा आत मारला. शाल बाजूला केली तशी पिशवी दिसली. ती म्हणाली, "मग तिकडे बाजूला घ्या आणि चढवा. आता बर्फ सारणारा नांगर वर जातोय. त्याच्यामागून या सगळ्या गाड्या सोडणार आणि मग खिंड बंद. लवकर करा."

विश्वासराव माझ्याकडे बघत राहिले. "पुस्तकं म्हणालात."

"हो," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

"भाऊ, तुम्ही पक्के आहात," वहिनी म्हणाल्या. "आता गाडी घ्या हो बाजूला."

बाजूची मोकळी जागा किंचित चढावर होती. मी कोटावर पिवळं जाकीट चढवलं आणि उतरलो. किती जागा आहे ते सांगायला विश्वासरावांनी मला पुढे उभं केलं. गाडी अर्धी चढली आणि थांबली. त्यांनी पाय दाबला तसा चाकांनी सगळा बर्फ माझ्या पाटलोणीवर उडवला. गाडी जागची हलली नाही. मग त्यांनी ती थोडी मागे घेतली, पुन्हा जोर दिला आणि कशीबशी वर आणली.

ते उतरू लागले तेव्हा मी दुसरं जाकीट पुढे केलं.

"हे कशाला?"

"रस्त्यावर उतरायचं तर घालावं लागतं. कायदा आहे."

"अहो, महानगरपालिकेचे झाडूवाले दिसू आपण."

पोलीसबाई बघत होती. त्यांनी ते घातलं. त्यांच्या पोटावर ते जेमतेम मिटलं. मी सीटखालचा त्रिकोण काढून गाडीच्या मागे उभा केला, आणि साखळ्या बर्फावर पसरल्या. दोनच होत्या. दोन चाकांपुरत्या.

विश्वासरावांनी एक उचलली आणि ते मागच्या चाकाकडे निघाले.

"पुढच्या," मी म्हटलं.

"काय?"

"पुढच्या चाकांना, विश्वासराव."

"मामा," ते थांबून, समजुतीनं म्हणाले, "चाळीस वर्षं गाडी चालवतोय. आणलंत ते चांगलं केलंत, मानलं तुम्हाला. आता हे माझ्यावर सोडा. जोर मागून असतो. ट्रॅक्टरचं मोठं चाक कुठलं? मागचं. का मोठं? कारण ढकलतं ते."

"बैलगाडीचे बैल पुढे असतात," मी म्हटलं.

गाडीतून वहिनींचं हसू ऐकू आलं. मला स्वतःला धक्का बसला होता. तोंडाला तोंड देणं हा माझा स्वभाव नाही.

"ही बैलगाडी नाही," विश्वासराव म्हणाले. त्यांचा चेहरा लाल झाला होता, थंडीनं असेल. "आणि तुम्ही हे परत त्या पुस्तकातून सांगताय."

खरं म्हणजे पुस्तकातून नाही. पुस्तकात एवढंच होतं की इंजिन जी चाकं फिरवतं त्यांना साखळ्या लावा. कुठली चाकं ते गाडीगाडीवर अवलंबून आहे, आणि आमच्या गाडीचं त्यात काही लिहिलं नव्हतं. मला एकदम वाटलं, आपण चुकत असू. चाळीस वर्षं चालवणाऱ्या माणसाला, कधी चाकाला हात न लावलेला मी काय सांगतोय. मागे लावल्या आणि चुकल्या तर चूक त्यांची. पुढे लावल्या आणि चुकल्या तर माझी, आणि खिंडीत अडकलेल्या गाडीत लग्न चुकवून बसलेली तीन माणसं. दांड्यापाशी नांगर आला होता. त्याचा नारिंगी दिवा गरगर फिरत होता.

मी माझ्या पाटलोणीकडे बघितलं. गुडघ्यापर्यंत चिखलाळ बर्फ थापला होता.

"मघाशी गाडी अडकली ना," मी म्हटलं, "तेव्हा मी समोर उभा होतो. पुढची चाकं जागच्या जागी गरगरत होती. हा बर्फ त्यांनी उडवलाय. मागची चाकं फिरली नाहीत. मी बघितलं."

"तुम्हाला वाटलं असेल."

"नाही. बघितलं."

"मामा, वेळ घालवू नका."

त्यांनी साखळी मागच्या चाकाशी टेकवली. मी जाऊन चाकाच्या समोर उभा राहिलो. मी ते ठरवून केलं नव्हतं. पाय गेले.

"मागे लावणार असाल तर मी गाडीत बसत नाही," मी म्हटलं. "मी इथेच थांबतो, या बाईंबरोबर. तुम्ही पुढे व्हा. आणि तुम्ही पोचलात तरी रेवती खोलीतून बाहेर येणार नाही. ती माझ्याबरोबर येणार आहे. मामाबरोबर. मीच तिला आणणार आहे, विश्वासराव. काल सांगायचं राहिलं."

बर्फ पडत होता. ते माझ्याकडे, मग साखळीकडे, मग पुन्हा माझ्याकडे बघत राहिले. त्या माणसाला शेवटचं उलट उत्तर मिळालं होतं ते बहुतेक लग्नाआधी, त्यांच्या आईकडून.

"अहो, लावा की ते म्हणतात तिथं," वहिनी काच खाली करून म्हणाल्या. "जाऊन पडलो तर दोघांनाही बोलीन मी."

विश्वासरावांनी साखळी उचलून पुढच्या चाकापाशी टाकली. "बसत नसेल तर मग बघतो तुम्हाला," ते म्हणाले.

पुढचं सोपं नव्हतं. लवचीक तारेचं एक कडं असतं, ते चाकाच्या मागून सरकवून वर जोडायचं. मग साखळीचं जाळं चाकावर ओढून घ्यायचं, पुढचे आकडे अडकवायचे आणि शेवटची साखळी ताणून बांधायची. चित्रात पाच हालचाली होत्या; हातांनी पंचवीस झाल्या. मी पहिलं जाळं चाकावर ओढलं आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. आकड्यांची तोंडं रबराकडे होती. पुस्तकात ती बाहेर होती. मी सगळं पुन्हा सोडलं. विश्वासराव तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटले, पण सोडवायला त्यांनीच मदत केली. माझा हात चाकाच्या मागे पुरेना, तेव्हा ते बर्फात आडवे झाले, खांद्यापर्यंत हात आत घातला आणि कडं जोडलं. नटबोल्ट हा त्यांचा प्रांत. कसं जोडायचं ते मी सांगत होतो आणि त्यांची बोटं ते माझ्या सांगण्याच्या आधी करत होती.

"ओढा," ते खालून म्हणाले.

मी ओढलं.

"अजून. जेवला नाहीत का?"

दुसऱ्या चाकाला पहिल्याच्या निम्मा वेळ लागला. मी म्हटलं, "आता थोडी पुढे घ्या, थांबा, आणि पुन्हा ताणायच्या. सैल पडतात." त्यांनी वाद घातला नाही. पोलीसबाई आली, वाकली, साखळीत बोट घालून ओढून पाहिलं, आणि पुढच्या चाकांकडे बघून मान हलवली. मग हातानं दांडा वर करायची खूण केली.

रांगेतली आमची शेवटची गाडी. आमच्यामागे दांडा खाली आला.

खिंडीबद्दल मी फार सांगू शकत नाही, कारण बराच वेळ मी डोळे मिटले होते. साखळ्यांचा खडखडाट सगळ्या गाडीभर होता; वहिनींचे डबे त्या तालात वाजत होते. एका वळणावर पुढची मोठी, महागाची गाडी घसरली आणि कडेच्या ढिगात नाक खुपसून थांबली. विश्वासरावांनी ब्रेक लावला नाही. हळूच चाक वळवलं आणि तिच्या बाजूनं आमची गाडी, दात घट्ट रोवल्यासारखी, वर सरकत राहिली. ते फार सुंदर चालवत होते. हे मी त्यांना तेव्हाच सांगायला हवं होतं.

शिखरावर ते पहिल्यांदा बोलले. "धरतंय," ते म्हणाले. "पुढून ओढतंय, कळतंय हातात."

"हो?"

"हो म्हणजे काय. बैल आहेत की पुढं."

गावात शिरलो तेव्हा देवळाच्या घड्याळात, म्हणजे चर्चच्या, सव्वाअकरा होऊन गेले होते. लग्न होतं त्या खानावळीच्या दारात ताई उभी होती, पैठणीवर कोणाचा तरी पुरुषी ओव्हरकोट घालून.

"किती हा उशीर," ती म्हणाली. "ती दार लावून बसलीय. टोबियासची आई रडकुंडीला आलीय, तिला वाटतंय लग्न मोडलं. सदा, हे काय ध्यान? चल, आत जा, आधी कपडे बदल. बॅग कुठेय तुझी?"

"म्यूनिकला."

"काय?"

"सोफ्यामागे आहे."

"मी शिवून घेतलेला रेशमी सदरा? टोपी?"

"त्यातच आहे सगळं. जागा नव्हती, ताई."

"जागा नव्हती म्हणजे?" विश्वासराव पाट काढता काढता म्हणाले. "पायाशी तुमची बॅगच ठेवायची असं ठरलं होतं की. डिकीत नाही, मागं नाही, म्हणून मीच सांगितलं होतं, मामांची बॅग त्यांच्या पायाशी..."

ते थांबले. एक पाट हातात तसाच राहिला. मी जमिनीकडे बघत होतो. दोन्ही गोष्टी तिथे मावत नव्हत्या, हे कालच बघून झालं होतं. त्यात सांगण्यासारखं काय होतं?

विश्वासरावांनी पाट वहिनींच्या हातात दिला. अंगातला जरीचा कोट काढला आणि मला घातला. बाह्या माझ्या बोटांच्या खाली गेल्या आणि कोट गुडघ्यांपर्यंत आला. ताईला त्याही स्थितीत हसू आवरेना.

"नको," मी म्हटलं आणि तो परत दिला.

"मग निदान हे पिवळं तरी काढ," ताई म्हणाली.

मी काढायला घेतलं. आत कोट भिजून लगदा झालेला, त्याखाली तपकिरी स्वेटर, कोपरांवर विरलेला. मी जाकीट पुन्हा मिटलं. "राहू दे," मी म्हटलं. "यापेक्षा बरं माझ्याकडे काही नाही."

"मामा," विश्वासराव म्हणाले, "तुम्ही जावा आत. वाट बघतीय ती. मी अंतरपाट धरतो."

रेवतीनं दार उघडलं. मी दिलेली पिवळी अष्टपुत्री नेसली होती, मुंडावळ्या बांधल्या होत्या. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघून ती म्हणाली, "हे काय घातलंयस?"

"कायद्यानं घालावं लागतं."

"गाडीत ना. लग्नात नाही."

"काढू?"

"काढलंस तर बघ," ती म्हणाली, आणि हसता हसता काजळ सांभाळू लागली. मग तिनं माझा हात धरला. माझी बोटं ग्रीसनं काळी होती. तिनं ते बघितलं आणि हात सोडला नाही.

दालनाचं दार उघडलं. ऐंशीएक माणसं एकदम वळली. मला वाटलं होतं की पाय अडखळतील, नजर खाली जाईल, आणि अंतरपाटापर्यंतची ती वाट कधी संपेल असं होईल. तसं झालं नाही. डोंगरातली माणसं होती. खिडकीतून त्यांनी आमची गाडी येताना बघितली होती आणि आज खिंडीतून येणं म्हणजे काय ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. पुढच्या रांगेतले एक म्हातारे गृहस्थ उठून उभे राहिले. मग त्यांच्या शेजारचे. मग सगळेच. ते नवरीसाठी उभे राहिले असतील, तसा त्यांच्यात रिवाज आहे म्हणतात. पण ते म्हातारे माझ्याकडे बघत होते.

मी सगळ्यांकडे बघत, मान वर करून, माझ्या भाचीला अंतरपाटाशी घेऊन गेलो. लाल-पिवळ्या पाटावर ती उभी राहिली. मी तिच्या मागे उभा राहिलो. जोश्यांनी घड्याळ बघितलं आणि सूर लावला. अकरा चाळीसला अंतरपाट दूर झाला तेव्हा सगळ्यात जोरात अक्षता मी टाकल्या. काही जोश्यांच्या तोंडात गेल्या.

त्याला आता बरीच वर्षं झाली. रेवती दर मे महिन्यात मुलांना घेऊन येते, विश्वासराव आणि वहिनी कोल्हापूरहून उतरतात, आणि एका दुपारी लग्नाचा अल्बम बाहेर येतोच. अंतरपाट दूर होतानाचा फोटो मोठा छापला आहे. फोटोवाल्यानं फ्लॅश मारला आणि माझ्या जाकिटावरच्या पट्ट्यांनी तो सगळा परत फेकला. मध्ये मी पांढराशुभ्र झळाळतोय, त्या उजेडात रेवतीचा चेहरा आणि टोबियासचं अर्धं नाक, आणि बाकी सगळं मागे अंधुक. अंतरपाटाचं टोक धरलेला एक जाडजूड हात दिसतो, माणूस दिसत नाही.

"हा मी," विश्वासराव दरवर्षी त्या हातावर बोट ठेवून मुलांना सांगतात. "जरीचा कोट घातला होता, फेटा बांधला होता. काय उपयोग? या मामांच्या उजेडापुढं दिसतोय कोण?"

अल्बम माझ्या मांडीवर असतो. पान मात्र मी लगेच उलटत नाही.